साखर वितळली की विरघळली?

‘साखर पाण्यात वितळते की विरघळते, आणि हा बदल भौतिक की रासायनिक?’ असा प्रश्न आला आहे. विरघळते. भौतिक.

वितळायला उष्णता लागते, विरघळायला दुसरा पदार्थ. बर्फ एकटाच वितळतो. मीठ एकटं कशात विरघळणार? त्याला वितळवायचं तर ८०१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. तरी ‘हिमनद्या विरघळताहेत’, ‘गोळी पाण्यात वितळवून घ्या’ हे कानांवर आदळतच असतं. आणि साखर खरोखरच वितळवायला गेलात, तर १८६ अंशांच्या आसपास ती वितळता वितळताच तपकिरी होऊन तिचं विघटन सुरू होतं. म्हणजे क्रियापद चुकलं की शास्त्रही चुकतं.

यात परिभाषावाल्यांचाही हात आहे. ‘द्रावण’ विरघळण्याचं, ‘द्रवणांक’ वितळण्याचा, आणि दोन्ही ‘द्रु’ म्हणजे धावणे या एकाच धातूचे! मराठीने नीट वेगळं ठेवलेलं संस्कृताच्या हौसेने पुन्हा कालवलं.

पण खरी मजा ‘रासायनिक’मध्ये आहे. रसायन म्हणजे रस + अयन. कोश काढलात तर शरीरातला रसधातू आणि आयुष्य वाढवणारं औषध, एवढ्यावर बोळवण होते. आयुर्वेदापुरतं ते ठीक. पण केमिस्ट्रीसाठी हा शब्द चपखल बसला तो दुसऱ्या रसामुळे, असं माझं ठाम मत आहे. हा रस म्हणजे पारा. रसशास्त्र ही विद्या, रससिंदूर आणि रसकर्पूर ही औषधं, सगळीकडे तोच. पारा आणि गंधक खलात घेऊन घोटत राहा. चकाकणारे थेंब बारीक होत होत दिसेनासे होतात, गंधकाचा पिवळेपणा जातो आणि हाती काळी भुकटी येते: कज्जली. ना जाळ, ना धूर, आणि तरी नवा पदार्थ! ‘कुटणं-दळणं म्हणजे भौतिक बदल’ असं घोकून घेणाऱ्यांनी हा खल एकदा पाहावा.

आणि ‘उलटवता येतो तो भौतिक’ हा नियम तर अडगळीत टाका. फुटलेली काच सांधत नाही, म्हणून फुटणं रासायनिक ठरतं का? नवा पदार्थ झाला का, एवढंच विचारायचं. उलट पारा हवेत बराच वेळ तापवला की त्याची लाल भुकटी होते, आणि तीच आणखी तापवली की पारा परत. १७७४ मध्ये जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने भिंगाने ऊन एकवटून ही भुकटी तापवली आणि तिच्यातून निघालेला वायू गोळा केला, तो ऑक्सिजन. जाणं-येणं दोन्ही रासायनिकच.

‘अयन’ म्हणजे तरी काय? जाणं. उत्तरायणात सूर्य जातो, दक्षिणायनात परततो, पाऱ्याचंही तसंच. ही व्युत्पत्ती नव्हे, माझी हौस आहे हे मान्य. पण कोशातल्या त्या दोन कोरड्या ओळींपेक्षा मला तीच पटते, आणि व्याकरणवाल्यांनी खुशाल नाकं मुरडावीत.