विकर, विकार आणि ताकातला तञ्च्

प्रश्न असा आला आहे: ‘शॉकमध्ये (म्हणजे रक्ताभिसरण कोलमडतं तेव्हा) प्रथिनपाचक विकारांमुळे आतड्याला इजा होते’ या वाक्यात विकार बरोबर की विकर? वितंचक म्हणजेही तेच का? आणि आतडं स्वतःलाच पचवू लागतं, त्याला एका शब्दात काय म्हणावं?

विकर. विकार नव्हे, नव्हे, नव्हे. विकार म्हणजे रोग, विकर म्हणजे एंझाइम, शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ. एका कान्याने कारणाच्या जागी रोग येऊन बसतो आणि वाक्य निरर्थक होतं. तरी ही चूक बातम्यांत, औषधांच्या माहितीपत्रकांत, अगदी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत सर्रास दिसते. वर ‘दोन्ही शब्द वि + कृ मधूनच आले, मग बिघडलं काय?’ असं समर्थनही ऐकवतात. ते व्याकरणाला धरून नाही. कृ, म्हणजे करणे, हा ह्रस्वान्त धातू. त्याला घञ् प्रत्यय लागून ‘विकार’ होतो. पाणिनीच्या ‘ॠदोरप्’ (३.३.५७) या सूत्राने अप् प्रत्यय लागतो तो दीर्घ ॠकारान्त धातूंना. म्हणून ‘विकर’ सरळ येतो तो कॄ, म्हणजे विखुरणे, यातून. विकीर्ण, विकिरण हे त्याचे भाऊबंद. परिभाषा घडवणाऱ्यांच्या मनात कृ असेलही, पण प्रथिनांची साखळी तोडून तुकडे विखुरणाऱ्या पदार्थाला कॄच शोभतो.

आता वितंचक. अर्थ तोच, शब्द जुन्या परिभाषेतला. पाठ्यपुस्तकांनी विकर घेतला आणि हा ‘बोजड’ म्हणून मागे पडला. बोजड म्हणणाऱ्यांनी ताक पिताना थोडा विचार करावा. ताक आलं तक्रातून आणि तक्र आलं तञ्च् धातूतून. उणादिसूत्रांत, म्हणजे शब्दांची व्युत्पत्ती देणाऱ्या जुन्या सूत्रांत, तञ्च् ला रक् प्रत्यय लावून तक्र सिद्ध केलं आहे. तञ्च् म्हणजे आकसणे, घट्ट होणे. तुलनात्मक भाषाशास्त्र जर्मनमधला ‘दिख्त’, म्हणजे दाट, हा शब्दही याच कुळात बसवतं. दूध ज्याने घट्ट होतं ते आतंचन. तैत्तिरीय संहितेच्या दुसऱ्या कांडात यज्ञाचं दूध कशाने विरजावं याची चर्चा आहे: पळसाची साल, बोरं, तांदूळ, आतंचन, दही. आतंचनाने केलं तर ते माणसांचं, दह्याने केलं तर इंद्राचं, म्हणून दही घ्यावं, असा निकाल तिथे दिला आहे.

दह्यात काम आम्लाचं असतं, हे खरं. पण चीजसाठी वासराच्या जठरातलं कायमोसिन वापरतात तेव्हा दूध घट्ट करतं ते प्रथिनभंजक विकरच. दुधातल्या कॅपा-केसीन या प्रथिनाच्या साखळीतला १०५ आणि १०६ क्रमांकाच्या अमिनो आम्लांमधला एक दुवा ते कापतं. मग केसीनच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारं टोक गळून पडतं आणि दूध फुटतं. कापल्यामुळे घट्ट होणं! आ-तंचन बांधतं, वि-तंचन सोडवतं, आणि दोन्ही एकाच पदार्थात. विकर या शब्दात ही गंमत नाही.

आतड्यातही हेच सुरीकाम चालतं. ट्रिप्सिन आर्जिनिन आणि लायसिनच्या पुढे कापतं, कायमोट्रिप्सिन टायरोसिनसारख्या मोठ्या वलयी अमिनो आम्लांच्या पुढे. स्वादुपिंड ही विकरं म्यानात घालून, म्हणजे निष्क्रिय रूपात, पाठवतं. ट्रिप्सिनोजेनची, म्हणजे निष्क्रिय ट्रिप्सिनची, म्यान लहान आतड्याच्या भिंतीवरचं एंटेरोपेप्टिडेज उतरवतं. भिंत स्वतः वाचते ती श्लेष्म्याच्या थरामुळे आणि घट्ट जोडलेल्या पेशींमुळे. शॉकमध्ये रक्तपुरवठा तुटला की आतड्याच्या आतल्या बोटांसारख्या अंकुरांच्या टोकांना सर्वांत आधी प्राणवायू कमी पडतो. तिथे पेशींचा थर खालच्या ऊतीपासून सुटून फुगा धरतो, मग सोलून निघतो, आणि पोकळीतलं ट्रिप्सिन उघड्या भिंतीत शिरतं. इजा मोजण्याची १९७० सालची च्यू यांची श्रेणी ० ते ५ अशी आहे. पाचव्या पायरीच्या वर्णनात ऊतीचं ‘पचन’ होऊन ती विरते, असंच म्हटलं आहे. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या श्मिड-श्योनबाइन यांच्या संशोधक गटाने २००० साली उंदरांवर दाखवलं की रक्तपुरवठा तोडण्याआधी आतड्याच्या पोकळीतच विकररोधक सोडला तर दाहकारक द्रव्यं खूप कमी तयार होतात. रोधक पोकळीत हवा, कारण विकर पोकळीत आहे.

म्हणून ‘अ‍ॅसिडने आतडं खाल्लं’ हे बोलणंही सोडा. जठरातलं पेप्सिन आम्लात काम करतं. स्वादुपिंडाचा रस क्षारधर्मी असतो आणि ट्रिप्सिनला तोच मानवतो. ‘पाचकरस’ही चालणार नाही. रस म्हणजे पाणी, क्षार, विकरं असं सगळं मिश्रण. कापतात ती विकरं.

काही कोशांत ‘प्रथिननाशक’ दिलं आहे. हा शब्द मला अजिबात मान्य नाही. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातला पिगबेल हा रोग बघा. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूच्या बीटा विषाला एरवी ट्रिप्सिन तोडून टाकतं. रताळ्यावर गुजराण करणाऱ्यांच्या आहारात प्रथिनं कमी, म्हणून विकर कमी. त्यात रताळ्यातले ट्रिप्सिनरोधक. मग सणाला भरपूर डुकराचं मांस खाल्लं की विष शाबूत राहतं आणि आतडं सडतं. तिथे इजा होते ती विकर नसल्यामुळे. वाचवणाऱ्यालाही लागू पडेल असा शब्द हवा, आणि तो ‘प्रथिनभंजक’.

राहिला तिसरा प्रश्न: स्वपचन. आत्मपचन म्हटलं की अध्यात्माचा वास येतो. शुद्ध वाक्य असं: ‘शॉकमध्ये प्रथिनभंजक विकरांमुळे आतड्याचं स्वपचन होतं.’ विकर नपुंसकलिंगी: ते विकर, ती विकरं.