सेमिस्टर अर्धवट सोडून घरी जावं का? आखेनच्या एक्स्चेंजवाल्या मुलीला उत्तर

तू लिहिलंयस ते थोडक्यात असं, की पुण्यातून मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षातून एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंजवर जर्मनीत आखेनला आलीस, ऑक्टोबर मजेत गेला, आता नोव्हेंबर संपत आलाय आणि रोज रडू येतं, फ्लॅटमधले तिघं जर्मन हाय-हॅलोच्या पुढे जात नाहीत, त्यात किचनच्या दारावर फोडणीच्या वासाबद्दल चिठ्ठी लागली, रोज आईशी दोन-तीन तास व्हिडिओ कॉल चालतो, आणि आता वाटतंय की अर्धवट सोडून घरी जावं का. वयाने खूपच लहान असशील म्हणून अगंतुगंच करते हं.

मी पण अशीच एक्स्चेंजवर आखेनला आले होते, मग मास्टर्स, नोकरी, लग्न करत इकडेच राहिले, आता कोलोनजवळ असतो आम्ही आणि दरवर्षी नवीन आलेली मुलं आमच्याकडे येऊन-जाऊन असतात. म्हणून सरळ सांगते, आत्ता परत जाऊ नकोस, निदान जानेवारी संपेपर्यंत हा निर्णयच घेऊ नकोस. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ अशी बांधून घे की त्या दिवशी तू आली नाहीस तर कोणाच्या तरी लक्षात येईल. खाली बरंच काही लिहितेय पण माझ्या मते मुख्य गोष्ट हीच आहे.

आधी या महिन्याबद्दल. ऑक्टोबरमध्ये सगळं नवीन असतं, ओरिएंटेशन, बँक, पत्ता नोंदवायची आनमेल्डुंग, त्या धावपळीत विचार करायला वेळच नसतो. नोव्हेंबरमध्ये धावपळ संपते आणि नेमका तेव्हाच अंधार येतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि डिसेंबरमध्ये तर आखेनला सकाळी साडेआठच्या सुमारास उजाडतं आणि दुपारी साडेचारला सूर्य मावळतो, त्यात पावसाची रिपरिप. आपल्याकडे पावसाळ्यात चार दिवस ऊन नसलं तरी जीव आंबतो, इथे असे आठवडेच्या आठवडे जातात. त्यामुळे तुला जे होतंय त्यातला बराचसा भाग या हवेचा आहे, तुझ्यात काही कमी आहे असं अजिबात नाही. रोज दुपारी बारा ते दोनच्या मध्ये अर्धा तास तरी बाहेर चाल, ढग असले तरी चाल, लाउसबेर्गच्या टेकडीवर जा, तिथून अख्खं शहर दिसतं. २१-२२ डिसेंबरनंतर दिवस परत मोठा व्हायला लागतो आणि जानेवारीच्या शेवटापर्यंत तो फरक स्वतःला जाणवतो, म्हणून म्हटलं की त्याआधी निर्णय नको.

आता ती चिठ्ठी. तुला वाटलं की आपल्या जेवणाचा अपमान केला, आणि लिहून चिकटवलेलं बघून लागणारच ते मनाला. पण इथल्या शेअर्ड फ्लॅटमध्ये चिठ्ठी हा रोजचा प्रकार आहे, भांडी घासा, केस काढा, दार लावा, सगळं कागदावर लिहिलेलं असतं आणि ते एकमेकांनाही लिहितात. शिवाय वासाची अडचण खरी असते. थंडीची जाड जॅकेटं कॉरिडॉरमध्ये खुंटीला टांगलेली असतात, ती दर आठवड्याला धुता येत नाहीत आणि हिंग-मोहरीचा वास एकदा त्यात बसला की तोच घेऊन माणूस लेक्चरला जातो. मग काय करायचं, तर फोडणी रोज करायचीच नाही. शनिवारी दुपारी किचनचं दार बंद कर, खिडकी नुसती तिरकी नको, पूर्ण उघड, आणि छोट्या कढल्यात वाटीभर तेलाची फोडणी एकदाच करून घे. मोहरी पूर्ण तडतडू दे, मग गॅस बंद करून, म्हणजे तुझ्याकडे हॉटप्लेट असेल तर कढलं बाजूला उचलून, जिरं, हिंग, शेवटी हळद घाल, कारण हॉटप्लेट बंद केली तरी तापलेलीच राहते आणि हळद करपते. गार झाली की काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये. आठवडाभर वरण, कोशिंबीर, पोहे, कशातही चमचाभर घातली की काम होतं, धूर नाही, स्मोक अलार्म नाही, वास नाही. कढीपत्ता आणि लसूण मात्र त्यात घालू नकोस, ते ताजेच घ्यायचे, तेलात लसूण साठवणं चांगलं नाही. मसूर, छोले, कोथिंबीर टर्किश दुकानात मिळते. आणि रविवारी जर्मनीत दुकानं बंद म्हणून अडलीस तर बस पकडून फाल्सला जा, बॉर्डर ओलांडली की नेदरलँड्स, तिथलं सुपरमार्केट रविवारी उघडं असतं, आखेनची सगळी मुलं जातात.

आणि चिठ्ठीला उत्तर चिठ्ठीने देऊ नकोस, समोरासमोर बोल. संध्याकाळी किचनमध्ये जो भेटेल त्याला सांग की वाचलं, आता आठवड्यातून एकदाच दार बंद करून करणार आहे, चालेल का. बहुतेक वेळा उत्तर येतं, हो, थँक्स, आणि विषय तिथेच संपतो. इकडची माणसं तोंडावर बोलतात आणि मग मनात ठेवत नाहीत, हे अंगवळणी पडायला मलाही वेळ लागला पण आता मला तेच आवडतं.

मैत्रीचं म्हणशील तर आपल्याकडे हॉस्टेलवर कोणीही कधीही खोलीत घुसतं, मॅगी होते, गप्पा होतात, मैत्री अशीच होते. इथे बंद दार वाजवून गप्पा मारायला बसणं लोकांना जमत नाही, त्यांना वेळ ठरवून भेटायची सवय आहे. म्हणून तू नुसतं "भेटू कधीतरी" म्हणालीस तर काहीच होणार नाही, "गुरुवारी सात वाजता ख्रिसमस मार्केटला येतेस का" म्हणालीस तर ती कॅलेंडर बघेल, हो म्हणेल आणि सातला पाच कमी असताना तिथे उभी असेल. कॅथेड्रल आणि राटहाउस, म्हणजे टाउन हॉलच्या आसपासचं ते मार्केट आता सुरू होतच असेल, मग याच आठवड्यात विचार. दुसरं, ५ डिसेंबरच्या रात्री निकोलाउस, म्हणजे सेंट निकोलसच्या सणासाठी मुलं बूट दाराबाहेर ठेवतात, सकाळी त्यात चॉकलेट, अक्रोड, संत्री सापडतात. त्या रात्री तू फ्लॅटमधल्या तिघांच्या बुटात एकेक प्रिंटेन आणि चॉकलेट ठेव, प्रिंटेन म्हणजे आखेनची ती मसाल्याची कडक बिस्किटं. चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या बुटात पण ठेव.

पण खरी मैत्री होते ती दर आठवड्याला त्याच वेळी त्याच लोकांना भेटून. हॉखशूलस्पोर्ट म्हणजे युनिव्हर्सिटीचा खेळांचा विभाग, त्याचे कोर्स स्वस्त असतात, बॅडमिंटनपासून रोइंगपर्यंत सगळं आहे, लँग्वेज टँडम असतं, म्हणजे दोघांनी एकमेकांना आपापली भाषा शिकवायची, ऑर्केस्ट्रा, नाटक, कॉयर, काहीही घे, फक्त एकच घे आणि सोडू नकोस. मी कॉयर, म्हणजे समूहगान घेतला होता, जर्मन धड येत नव्हतं, शेजारी उभी राहणारी मुलगी महिनाभर नुसतं बोटाने कुठली ओळ चाललीये ते दाखवायची, त्यापलीकडे एक अक्षर नाही. मग तापामुळे माझी एक प्रॅक्टिस चुकली तर दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात, हातात पुढच्या गाण्याच्या झेरॉक्स आणि डब्यात बटाट्याचं सूप. आत ये म्हटलं तर म्हणाली नाही, तू झोप. आज तिची मुलं मला मावशी म्हणतात, मराठीत. तिने महिनाभर गप्प राहून मला नाकारलेलं नव्हतं, तिच्या हिशोबाने ओळख सुरूच होती.

मराठी ग्रुपबद्दल दोन्ही बाजूंनी टोकाचे सल्ले मिळतील तुला, कोणी म्हणेल आपल्या लोकांपासून लांब राहा, कोणी म्हणेल आपलेच लोक कामाला येतात. मला वाटतं रविवारी आपल्या मुलामुलींबरोबर खिचडी-कढी जरूर खावी, जिवाला बरं वाटतं, पण आठवड्याचे सातही दिवस त्याच पाच जणांत गेले तर सेमिस्टर संपेल आणि आखेन बघायचंच राहून जाईल.

आईच्या कॉलबद्दल जरा जपून लिहिते कारण माझी आई पण तशीच होती. हिवाळ्यात आपल्यात आणि भारतात साडेचार तासांचा फरक असतो. तू सहाला घरी येऊन फोन लावतेस तेव्हा तिकडे साडेदहा वाजलेले असतात, मग तीन तास बोलायचं म्हणजे आई रात्री दीडपर्यंत जागी आणि तुझी अख्खी संध्याकाळ खोलीत, म्हणजे फ्लॅटमधले बाकीचे ज्या वेळी किचनमध्ये असतात नेमकी तीच वेळ. त्यापेक्षा दुपारी एकला मेन्साच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनच्या बाहेर चालता चालता फोन कर, तिकडे साडेपाच, आईचा चहाचा वेळ, वीस मिनिटं छान बोलणं होतं आणि ती पण शांत झोपते. रविवारी हवं तेवढं बोल. आईला हे आधी नीट सांग हं, एकदम फोन कमी केलास तर ती घाबरेल.

अभ्यासाचं तू काही लिहिलं नाहीस पण ते आत्ताच बघ. इथे इंटर्नल्स, सबमिशन असं मागे कोणी लागत नाही, बहुतेक लेक्चरना हजेरी नसते आणि विषयाचे सगळे मार्क बहुतेक वेळा फेब्रुवारी-मार्चमधल्या एका परीक्षेवर. त्या परीक्षेला पोर्टलवर स्वतः नाव नोंदवावं लागतं, तारीख गेली की बसता येत नाही, कोणी आठवण करत नाही. आजच प्रत्येक विषयाची शेवटची तारीख बघून ठेव. ग्रेड इथे उलटे असतात, १.० सगळ्यात चांगला, ४.० पर्यंत पास, ५.० नापास. ३० क्रेडिट झेपत नसतील तर एखादा विषय काढता येतो का ते इथल्या आणि पुण्याच्या दोन्ही कोऑर्डिनेटरना विचार, लर्निंग अॅग्रीमेंट, म्हणजे कुठले विषय घेणार तो करार, बदलता येतं, पण दोघांची सही लागते. किती जणांचा जीव निम्मा याच ओझ्याने घाबरा झालेला असतो आणि ते होमसिक आहे असं समजत असतात.

ख्रिसमसची तयारी मात्र आधीपासून कर. २४ ला दुपारनंतर दुकानं बंद, २५ आणि २६ सुट्टी, फ्लॅटमधले सगळे आपापल्या घरी जातात आणि बिल्डिंग सुनसान होते. एक्स्चेंजच्या मुलांना सगळ्यात जड जातात ते हे तीन दिवस. त्या दिवसांत एकटी राहू नकोस.

आणि एक गोष्ट अगदी मनापासून. रडू येणं, घरची आठवण येणं वेगळं, पण झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, आंघोळीला उठवत नसेल, किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर वरचं सगळं बाजूला ठेव आणि आजच मदत माग. विद्यार्थ्यांसाठी युनिव्हर्सिटीचं सायकॉलॉजिकल काउन्सेलिंग फुकट असतं, इंग्रजीत बोलता येतं का ते मेलमध्ये विचार. टेलेफोनझेलझोर्गे या हेल्पलाइनच्या ०८०० १११ ०१११ या नंबरवर दिवसरात्र फुकट बोलता येतं, तातडीचं असेल तर ११२. अशा वेळी परत जायचं ठरलं तर त्यात काहीही कमीपणा नाही, तब्येत आधी. फक्त तिकीट काढायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसशी बोल, म्हणजे स्कॉलरशिपचे पैसे परत द्यावे लागतात का, हॉस्टेलचा नोटीस पिरियड किती, क्रेडिटचं काय, हे लेखी मिळेल.

तसं काही नसेल तर २४ ते २६ आमच्याकडे ये. सेमिस्टर फीमध्ये जे तिकीट असतं त्यावर आखेनहून कोलोनपर्यंत रिजनल ट्रेनने तासाभरात येता येतं, स्टेशनवर घ्यायला आम्ही येऊ. अजून दोघं मुलं येणार आहेत, एक नागपूरचा आणि एक मेक्सिकोचा. मला मेसेज कर, तिखट किती चालतं ते पण लिही, आणि जमलं तर फ्लॅटमधल्या कोणाला विचार, कधी कधी एखाद्याला घरी जायचं नसतं, त्यालाही घेऊन ये.