डिम सम : पहिल्या खेपेस काय आणि किती मागवावे?

प्रश्न : पुढील महिन्यात आम्ही चौघे हाँगकाँगला जाणार आहोत आणि तेथे एकदा तरी डिम सम खायचे, असे ठरले आहे. आमच्यापैकी कोणीही ते पूर्वी खाल्लेले नाही. खाद्यसूची पाहिली तर पदार्थांची संख्याच घाबरवणारी आहे. कोणत्या वेळी जावे, काय आणि किती मागवावे? चॉपस्टिकचा सराव नसल्याने संकोचही वाटतो.

उत्तर : रात्रीच्या जेवणासाठी डिम समचा बेत आखू नका. दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील चहागृहांत रुजलेले हे लहान-लहान वाफवलेल्या व तळलेल्या पदार्थांचे खाणे मुळात चहाच्या सोबतीचे आहे आणि त्याची खरी वेळ सकाळपासून दुपारपर्यंतची आहे. दुपार कलली की अनेक ठिकाणी हे पदार्थ संपतात किंवा स्वयंपाकघर रात्रीच्या जेवणाच्या तयारीला लागते. रविवारी तीन-तीन पिढ्यांची कुटुंबे एकत्र बसलेली असतात, त्यामुळे जागा मिळण्यास वेळ लागतो. जुन्या चहागृहांत तर अनोळखी माणसांच्या टेबलावरही बसवले जाते आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही.

बसल्याबरोबर पहिला प्रश्न येतो तो चहा कोणता, हा. गडद रंगाचा, मातकट चवीचा, आंबवलेला पू-अर चहा तेलकट पदार्थांबरोबर उत्तम जमतो. तो जड वाटल्यास जाईच्या फुलांचा गंध दिलेला चहा घ्यावा, आणि कॅफिन नको असेल तर शेवंतीच्या फुलांचा. यात दूध-साखर घालत नाहीत. चहाचा आकार बहुधा माणशी लावला जातो, तेव्हा बिलात तो दिसल्यास फसवणूक झाली असे समजू नये. किटलीतील पाणी संपले की झाकण किंचित तिरके करून ठेवावे. वाढपी न सांगता गरम पाणी भरून नेतो. चहा ओतताना आधी इतरांचे पेले भरावेत. आपल्या पेल्यात कोणी चहा ओतला, तर बोलणे न थांबवता दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करून आभार मानतात. वेष पालटून दक्षिणेत हिंडणाऱ्या चीनच्या चिएनलुंग सम्राटाने आपल्या सेवकाला चहा ओतून दिला आणि साष्टांग प्रणाम केल्यास सम्राटाची ओळख उघड होईल म्हणून सेवकाने बोटे वाकवून तो केला, अशी दंतकथा या रिवाजामागे सांगितली जाते.

आता मागवण्याविषयी. बहुतेक ठिकाणी टेबलावर छापील कागद असतो आणि त्यावर पदार्थापुढे खूण करायची किंवा संख्या लिहायची असते. पदार्थ वाफवण्याच्या करंड्यांनी भरलेल्या गाड्या टेबलांमधून फिरवण्याची जुनी पद्धत आता मोजक्याच ठिकाणी उरली आहे. तेथे झाकण उघडून दाखवायला सांगावे आणि आवडेल ते उचलावे. वाढपी आपल्या कार्डावर शिक्का मारतो. एका करंडीत साधारणपणे तीन किंवा चार नग असतात. चौघांसाठी पहिल्या फेरीत चार-पाच करंड्या पुरेत. त्या संपत आल्यावर पुढच्या मागवाव्यात.

हे काटकसरीसाठी सांगत नाही. कोळंबीच्या ‘हार गाव’ची पारी ग्लूटेन काढून घेतलेला गव्हाचा स्टार्च आणि टॅपिओका स्टार्च यांची असते, त्यावर उकळते पाणी ओतून उकड काढतात आणि ती इतकी पातळ लाटतात की वाफवल्यावर आतील गुलाबी कोळंबी आरपार दिसते. हीच पारी निवली की घट्ट होते, तळाच्या कागदाला चिकटते आणि उचलताना फाटते. तांदळाच्या पातळ पोळीची गुंडाळी असलेले ‘च्यूंग फन’ही गार झाल्यावर चिवट लागते. दहा-बारा करंड्या एकदम मांडल्यास छायाचित्र छान येते, पण त्यांतील निम्म्या गार खाव्या लागतात, आणि मग डिम सममध्ये विशेष काय आहे असा प्रश्न पडतो.

पहिल्या फेरीत हार गाव आणि डुकराचे मांस व कोळंबी यांचे, वरून उघडे असलेले ‘स्यू माय’ जरूर असावेत, कारण स्वयंपाकघराचा हात कसा आहे ते याच दोहोंवरून कळते. त्यांच्या जोडीला गोडसर भाजलेल्या डुकराच्या मांसाचे सारण भरलेले, वरून फुललेले पाव म्हणजे ‘चार स्यू बाव’ आणि एक च्यूंग फन घ्यावे. दुसऱ्या फेरीत एखादा तळलेला पदार्थ आणि शेवटी अंड्याच्या कस्टर्डचे टार्ट. कोंबडीचे पाय पाहून अनेकजण तोंड फिरवतात. माझे मत असे की, एक करंडी चौघांत मागवून पाहावीच. ते आधी तळून, मग मसाल्यात मुरवून शिजवलेले असतात. त्यांत मांस जवळजवळ नसते, गंमत आहे ती मऊ त्वचेची आणि आंबवलेल्या काळ्या सोयाबीनच्या रसाची. हाडे बशीत काढून ठेवावीत.

चॉपस्टिकची चिंता सोडा. चमचा मागितल्यास कोणी हसत नाही, आणि निसरडा हार गाव चमच्याच्या आधाराने खाणे केव्हाही शहाणपणाचे आहे. फक्त चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका. ते मृतांसमोर लावलेल्या उदबत्त्यांसारखे दिसते. प्रत्येकापुढे दोन जोड्या मांडलेल्या असतील, तर एक वाढून घेण्यासाठी आणि दुसरी खाण्यासाठी असते.

प्रश्न : माझी आई पूर्ण शाकाहारी आहे आणि मी डुकराचे मांस खात नाही. आम्ही डिम समच्या वाटेला जावे का?

उत्तर : आपल्यापुरता मार्ग निघेल, पण विचारून घ्यावे लागेल. स्यू माय आणि चार स्यू बाव आपल्यासाठी नाहीत. हार गावच्या सारणातही डुकराची चरबी मिसळण्याची पद्धत आहे. कमळाच्या पानात वाफवलेल्या चिकट भाताच्या नावात कोंबडी असली, तरी त्यात डुकराच्या मांसाचे सॉसेज सापडू शकते.

आईंच्या बाबतीत अडचण मोठी आहे. किसलेला पांढरा मुळा आणि तांदळाचे पीठ यांच्या परतलेल्या वड्या निरुपद्रवी दिसतात, परंतु त्यांत सहसा सॉसेज आणि सुकी कोळंबी असते. उकडलेल्या पालेभाजीवर कालवांचा ऑयस्टर सॉस ओततात, आणि गोड सारणात किंवा टार्टच्या आवरणात डुकराची चरबी असू शकते. म्हणून त्यांना नेहमीच्या उपाहारगृहात ‘भाज्यांचे काही’ खाऊ घालण्यापेक्षा सरळ बौद्ध शाकाहारी उपाहारगृहात जावे. हाँगकाँगमध्ये डायमंड हिल भागातील नान लियान उद्यानात, ची लिन भिक्षुणी-मठाशी संबंधित असे एक आहे. बौद्ध परंपरेच्या अशा स्वयंपाकघरांत बहुधा कांदा-लसूणही वर्ज्य असतो.

प्रश्न : टेबलावरील तिखट सॉस प्रत्येक पदार्थाला लावायचा असतो का?

उत्तर : नाही. पहिला घास कोरडाच खाऊन पाहावा. हार गावमधील कोळंबीची गोडी तिखटाखाली सहज दबते. च्यूंग फनवर सोया सॉस आधीच ओतलेला असतो. सूचीत ‘शाव लाँग बाव’ असेल, तर तो शांघायकडचा, मांसाचे सारण भरून वाफवलेला पदार्थ आहे आणि त्याच्या पोटात कढत रस असतो. तो चमच्यात ठेवून, कडेला लहानसे छिद्र पाडून आधी रस प्यावा आणि मग आले घातलेल्या काळ्या व्हिनेगरबरोबर खावा.