दारातली होडी

प्रिय लेकी,

प्रभूमध्ये सलाम.

दोन पोरांना घेऊन तुम्ही मिशनच्या सेवेसाठी टांझानियात म्वांझाला निघालात आणि तू विचारतेस, बरोबर काय काय नेऊ? कुकरच्या दोन जादा रिंगा ने. बाकीचं मिळतं तिथे. मुलांना घरी शिकवायचं, त्या शाळेचं मात्र सविस्तर लिहिते, कारण त्यातच मी चुकले होते.

टांझानियात दाराशी आलेला माणूस बाहेरूनच स्वाहिलीत हाक देतो, ‘होडी!’, म्हणजे येऊ का? आतून म्हणायचं, ‘करिबू’, म्हणजे या. व्हिक्टोरिया सरोवर जवळच, त्यामुळे आमच्या धाकटीला वाटायचं की माणसं खरंच होडी घेऊन आलीत. खिडकीत चढून शोधायची. आम्ही दोघं सेवेच्या उत्साहात. होडी ऐकली की मी पुस्तक पालथं घालून उठायचे. मग चहा, मग कुणाच्या तरी आजारपणाची हकिगत, मग प्रार्थना. अकरा कधी वाजले कळायचं नाही. एक दिवस थोरल्याची गणिताची वही उघडली. भागाकार मांडलेले, दोन-दोन पायऱ्या केलेल्या, पुढे नुसती कोरी जागा. पानामागून पान तसंच. शेवटच्या गणिताखाली त्याने शिसपेन्सिलीने एक छोटी होडी काढली होती. तो बोलला काहीच नाही.

त्या रात्री आम्ही ठरवलं, सकाळी साडेसात ते साडेदहा मुलांचे. पाहुण्याला दारातच सांगायचं, ‘वातोतो वानासोमा’, मुलं अभ्यास करताहेत. मला वाटलं, लोक तुटतील. शेजारच्या आजी नुसतं ‘सावा’, म्हणजे बरं, म्हणाल्या आणि पुढे साडेदहानंतर येऊ लागल्या, तेही नातवाला घेऊन. मुलांच्या शिक्षणाची किंमत त्यांना आपल्याइतकीच कळते. संकोच माझ्याच मनात होता.

वेळ सांगताना त्यांच्या हिशेबाने सांग. तिथले तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सात म्हणजे त्यांचा एक, आपले साडेदहा म्हणजे साडेचार. आम्हाला एकाने जेवायला ‘सा नाने’ला बोलावलं. नाने म्हणजे आठ, म्हणून आम्ही सकाळी आठला नटूनथटून हजर! बिचारी बाई अंगण झाडत होती. बोलावणं दुपारी दोनचं होतं.

तीन तास थोडे वाटतील, पण दोन मुलांना समोर बसवून शिकवलं की पुरतात. घरात घंटा वाजवू नकोस, मुलांना गणवेश घालू नकोस. मी दोन्ही करून पाहिलं, चार दिवसांत हसं झालं. मराठीसाठी बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, इथूनच उतरवून ने. आणि आपल्या शब्दांशी जुळणाऱ्या स्वाहिली शब्दांचा एक कागद भिंतीवर लाव. दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, रांगी म्हणजे रंग, साबुनी म्हणजे साबण, लाकी म्हणजे लाख. व्यापाराच्या वाऱ्यावर हे शब्द हिंदी महासागर ओलांडत राहिले. पोरं बाजारातून नवा शब्द पकडून आणतात आणि कागदावर चढवतात. आमच्याकडे इतिहासाचा तास असाच व्हायचा.

थोरलीच्या दहावीची काळजी आतापासून करू नकोस, पण घरून अभ्यास करून दहावी देता येते त्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचे (एनआयओएस) नियम वाचून ठेव. त्यांच्याकडे दहावीला बसायला वय १४ पूर्ण लागतं, मराठी हा विषय घेता येतो, आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत थोडे थोडे विषय सोडवता येतात. परीक्षा कुठे द्यायची ते मात्र नोंदणीआधी विचारून घे.

मुलांना बोर्डिंग शाळेत ठेवायचं तुझ्या सासूबाई सुचवताहेत. जुनीच वाट आहे ती. आपल्या देशात आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी मुलांसाठी १९०१ मध्ये कोडईकनालला शाळा काढली, केनियात किजाबेला १९०६ मध्ये निघाली. कित्येकांचं तिथे भलं झालं. पण सहा-सात वर्षांचं लेकरू महिनोनमहिने दूर ठेवणं मला जमलं नसतं, आणि तुलाही जमणार नाही असं तुझ्या अक्षरावरून वाटतं.

सरोवरात मुलांना डुंबू देऊ नकोस, कितीही रडली तरी. काठच्या उथळ पाण्यातल्या गोगलगाईंमधून बिलहार्झिया नावाच्या रोगाच्या कृमी सुटतात आणि कातडीतून अंगात शिरतात. मच्छरदाणी रोज, थंडी वाजली तरी, पाऊस नसला तरी. ताप आला की आधी रक्त तपासायचं, प्रार्थना तपासणीच्या रांगेत उभं राहून करता येते.

आणखी एक. इथल्या चर्चच्या मंडळीला पत्र पाठवताना मुलांचे फोटो आणि त्यांचे गोड प्रसंग घालायचा मोह होतो. मी घालत असे. थोरला बारा वर्षांचा झाल्यावर म्हणाला, ‘आई, मला विचारून लिही.’ त्यानंतर विचारूनच लिहिलं. हे पत्रही त्याला वाचून दाखवलं. होडीचं राहू दे म्हणाला.

ती वही अजून माझ्याकडे आहे. रविवारी उपासनेनंतर जेवायलाच या, पोरांनाही आण. रिंगा मी आणून ठेवल्या आहेत.

तुझी,
मावशी