आधी पुरावा, मग ब्लॉक

प्रश्न : मुलगी नववीत आहे. तिचा फोटो लावून कुणीतरी इन्स्टाग्रामवर खोटं खातं काढलंय, त्यावरून वर्गातल्या मुलांना घाणेरडे मेसेज जातात. घरचे म्हणतात, तिचा फोन काढून घ्या आणि तिचं खातं बंद करा. काय करावं?
– एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, फोन काढून घेऊ नका. सांगितलं तर फोन जाईल, या भीतीनेच मुलं असा छळ लपवतात. चूक दुसऱ्याची आणि शिक्षा तिला झाली, तर पुढच्या वेळी ती तुमच्यापाशी तोंड उघडणार नाही. शिवाय तिचं खातं पुसलं, तर त्यातला पुरावाही जाईल.

आज रात्रीच तिच्या शेजारी बसून खोट्या खात्याचे स्क्रीनशॉट काढा. प्रोफाइलची लिंक कॉपी करा. युजरनेम ठिपके आणि आकड्यांसकट वहीत उतरवून घ्या, कारण वर दिसणारं नाव आणि फोटो कुणीही मिनिटात बदलू शकतो. ज्या मुलांना मेसेज आले, त्यांच्या पालकांकडून तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट मागवा. फोन रिसेट करू नका.

मग त्या खोट्या प्रोफाइलवरच्या तीन टिंबांवर दाबून रिपोर्ट करा आणि आपल्या नावाने कुणी वावरतंय, हे कारण निवडा. बहुतेक घरं इथे चुकतात, वीस मैत्रिणींना रिपोर्ट करायला लावतात. तोतयेगिरीची तक्रार ज्याचं नाव वापरलंय त्याची किंवा त्याच्या पालकांची असावी लागते. तुमचं स्वतःचं खातं नसलं, तरी इन्स्टाग्रामच्या मदत केंद्रातला फॉर्म भरता येतो. ओळखपत्राचा फोटो तयार ठेवा. एवढं झाल्यावर ब्लॉक करा. तिच्या खात्यावरून उलट उत्तर मात्र एकही जाऊ देऊ नका.

वर्गातल्याच कुणाचा संशय असेल, तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. संशयिताच्या दारात जाऊन भांडलात, तर तासाभरात ते खातं पुसलं जाईल आणि तुमच्या हाती काही उरणार नाही.

प्रश्न : त्रास देणारा मुलगा चंदगड तालुक्यातला, म्हणजे महाराष्ट्रातला. आम्ही बेळगाव जिल्ह्यातले. आमच्या पोलीस ठाण्यातून सांगितलं, तिकडे जा.
– एक पालक

उत्तर : जाण्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) खबर हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात देता येते. तिला झिरो एफआयआर म्हणतात. ठाण्याने नकार दिला, तर तीच तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. खबर कानडीत लिहून घेतली असेल, तर सही करण्याआधी वाचून आणि समजावून मागा. वाचून दाखवणं कायद्यातच आहे, एफआयआरची प्रतही मोफत मिळते. बेळगावात सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं सीईएन ठाणंही आहे.

घरबसल्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांच्या विभागात तक्रार करता येते. तिथे नाव न देण्याची सोय आहे, पण तशा तक्रारीचं पुढे काय झालं ते पाहता येत नाही. म्हणून नाव देऊन नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपा.

प्रश्न : मुलाचा चेहरा जोडून नग्न फोटो बनवलाय, पैसे मागतात.

उत्तर : पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढतच जाते. तो फोटो पुरावा म्हणून नातेवाइकांच्या ग्रुपवरही टाकू नका. अल्पवयीन मुलाचं असं चित्र पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब नुसार गुन्हा आहे. धमकीचे मेसेज, नंबर आणि यूपीआय आयडी जपून थेट पोलिसांकडे जा. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा कळवणं बंधनकारक आहे, तेव्हा गावात बसून मिटवू नका. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ मोफत आहे. अल्पवयीन मुलांचे असे फोटो इंटरनेटवरून हटवायला मदत करणाऱ्या 'टेक इट डाउन' या मोफत सेवेत फोटो फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा फक्त डिजिटल ठसा तयार होतो आणि सेवेत सामील झालेली ॲप्स त्यावरून तो फोटो शोधून काढतात. या दिवसांत मुलाला रात्री एकट्याला झोपवू नका.