येऊरच्या झाडपाल्याने मलेरिया बरा होतो का?

तुम्ही विचारलंय की सातविणीच्या सालीच्या काढ्याने मलेरिया जातो का, आणि येऊरहून साल आणली तर चालेल का. मी ठाण्याच्या वर्तकनगरात वाढलो, येऊर मागच्या दाराशी, म्हणून लिहितो.

साल आणू नका. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानाचं आहे, तिथली साल सोलणं गुन्हा आहे.

आता काढा. कॉलेजात असताना मला हिवताप झाला. दुपारी हुडहुडी, अंगावर तीन गोधड्या, मग दरदरून घाम आणि ताप साफ. आजीने सातविणीचा काढा पाजला. दुसरा दिवस चक्क बरा गेला, आजी खूश! तिसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा दात वाजायला लागले. व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियाचा ताप असाच एक दिवसाआड येतो आणि मधल्या दिवसाचं श्रेय काढा खाऊन जातो. शेवटी महापालिकेच्या दवाखान्यात बोट टोचलं. 3 दिवस क्लोरोक्विन, 14 दिवस प्रायमाक्विन. ते 14 दिवस बरेच जण अर्ध्यावर सोडतात, मग यकृतात दडलेले जंतू काही महिन्यांनी पुन्हा उठतात.

पण म्हणून झाडपाला थोतांड ठरत नाही. मलेरियावरचं क्विनीन 1820 मध्ये सिंकोना झाडाच्या सालीतूनच वेगळं केलं. मलेरियाचंच दुसरं औषध आर्टेमिसिनिन ज्या चिनी झुडपातलं, ते आपल्या दवण्याच्या कुळातलं. ते शोधणाऱ्या थू यूयू यांना 2015 चं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे पाला उकळला की त्याचा गुण जात होता. जुन्या ग्रंथातली नुसत्या पाण्यात भिजवायची कृती वाचून त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला. आपण मात्र सगळं उकळतो.

झाडांचं म्हणाल, तर येऊरच्या वाटेवर कमरेएवढ्या उंचीवर सगळीकडून सोललेली एक सातवीण मी पाहिली होती. पानांत तयार झालेलं अन्न आतल्या सालीतून मुळांकडे जातं, ती वाटच तुटलेली. पुढे ती वाळली. तापावर देतात ते काडेचिराईत हिमालयातून येतं आणि फुलावर असताना मुळासकट उपटतात, मग बी पडणार कधी?

गुळवेल बरी. पावसाळ्यात बोटभर काडी कुंडीत खोचली की फुटते, माझी आता ग्रिलवर चढलीय. शेजारच्या काकू तापासाठी काडी मागतात, तेव्हा मी आधी रक्ताचा रिपोर्ट विचारतो. त्या चिडतात.