‘कोरीव’ की ‘शिळाछाप’?

नेपोलियनचे सेनानी मार्शल मिशेल ने यांचे जुने लिथोग्राफ (दगडी शिळेवरून छापलेले चित्र) छापताना त्याखाली ‘लष्करी उमरावाचे नवअभिजात शैलीतील कोरीव चित्र’ अशी ओळ द्यावी का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

यातील ‘कोरीव’ हा शब्द काढलाच पाहिजे. ताम्रपटावरील, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या, चित्रात पोलादी सळईने रेषा खरोखर कोरतात आणि शाई त्या खाचांत भरतात. आलोइस झेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास म्युनिकमध्ये शोधलेल्या लिथोग्राफीच्या पद्धतीत मात्र चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र काढतात, शिळा पाण्याने ओली करतात आणि मग शाईचा रूळ फिरवतात. तेलकट भाग शाई धरतो, ओला भाग ती झिडकारतो आणि शिळा शेवटपर्यंत सपाटच राहते. युरोपातील छापणाऱ्यांनी हा भेद शब्दांतही पाळला आहे. ताम्रपटाच्या चित्राखाली ‘स्कल्प्सिट’, म्हणजे ‘कोरले’, असा लॅटिन शब्द असतो. पॅरिसच्या देल्पेश यांच्या छापखान्यातून निघालेल्या व्यक्तिचित्रांखाली मात्र ‘लिथ.’, म्हणजे ‘लिथोग्राफ’चे लघुरूप, असते.

आपल्याकडे यासाठी नवा शब्द घडवण्याची गरज नाही. शिळाप्रेसवर छापलेल्या पोथ्यांना मराठी माणूस ‘शिळाछाप’ म्हणत आला आहे. ‘शिळा’ म्हटले की शिळे अन्न आठवते म्हणून काही जण ‘शिलामुद्रित’ लिहितात. तो शब्द शुद्ध आहे, पण वापरात मुरलेला शब्द हाताशी असताना तो टाळावा, असे मला वाटत नाही.

‘उमराव’ या शब्दाने घराण्याची श्रीमंती आधी डोळ्यांपुढे येते. ने हे पिंपे बनवणाऱ्या कारागिराचे पुत्र. १८०४ मध्ये ते मार्शल झाले, १८०८ मध्ये ड्यूक आणि १८१३ मध्ये प्रिन्स, आणि हे सारे तलवारीच्या बळावर. मल्हारराव होळकरांना आपण ज्या अर्थाने सरदार म्हणतो, त्याच्या हा अर्थ जवळचा आहे; म्हणून ‘सरदार’ अधिक नेमका. शिवाय ‘सरदार’ म्हटल्यावर ‘लष्करी’ हे विशेषण वेगळे जोडावे लागत नाही.

‘नवअभिजात’, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन कलेच्या आदर्शावर बेतलेले, हा शब्द योग्यच आहे, मात्र ते रेखाटनाच्या शैलीचे विशेषण आहे, छपाईचे नव्हे. म्हणून ‘सरदार मार्शल ने : नवअभिजात शैलीतील व्यक्तिचित्र, शिळाछाप’ असे लिहावे.